मोठ्या हाताची खरेदी

दिवस मावळायला आला की माझा जीव घरात रमत नाही. शेअर बाजार दुपारीच बंद होतो, पण आमचा खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. संध्याकाळी मोबाइलवर दोन आकडे येतात. विदेशी संस्थांनी आज किती घेतलं, किती विकलं, हा एक. आणि आपल्या देशातल्या संस्थांनी, म्हणजे म्युच्युअल फंडवाल्यांनी, विमावाल्यांनी काय केलं, हा दुसरा. नांदेडला नव्या मोंढ्याजवळ एक चहाचं हॉटेल आहे. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. त्या मोंढ्यातून रिटायर झालेले आम्ही तीन-चार म्हातारे तिथं चष्मे कपाळावर चढवून बसतो आणि आकड्यांची वाट बघतो. उशीर झाला की एकाला घाम फुटतो, दुसरा बिडी उलटी पेटवतो. बायको म्हणते, हे लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर बसले होते तेव्हासुद्धा इतके तळमळले नव्हते. ते खरं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेलो. उमरी तालुक्यातलं गाव सोडून पोरवयात मोंढ्यात आलो. आधी पोती उचलली, मग काट्यावर मापाडी झालो, मग स्वतःचा गाळा घेऊन आडत टाकली, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचं दुकान. इंग्रजी मला येत नाही. पण 'घेतलं' आणि 'विकलं' ह्यांच्या इंग्रजी शब्दांचा आकार मी ओळखतो, आणि आकडा तर आकडाच असतो. त्यामुळं कुणी शिकलेल्या माणसानं मला बाजार समजावून सांगायला बसावं, हे मला आजही खपत नाही.

त्या आकड्यांचं मला इतकं वेड का लागलं, ते मोंढ्यात राहिलेल्या माणसाला लगेच कळंल. पूर्वी आमच्याकडं सौदा उपरण्याखाली व्हायचा. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडानं एक शब्द नाही. शेतकरी बाजूला उभा, त्याला फक्त उपरणं हललेलं दिसायचं. पुढं ही पद्धत बंद पाडली ते बरंच झालं. पण मी काट्यावर उभा राहून तेच बघत मोठा झालो. बोटं दिसायची नाहीत म्हणून मी खांदे बघायचो. मोठ्या तेल मिलचा खरेदीदार एखाद्या ढिगापुढं जरा जास्त थांबला, त्याचा खांदा जरा पुढं झुकला, की मी समजायचो, आज भाव वर जाणार. आणि जायचा. छोटे व्यापारी त्या मिलवाल्याच्या मागं मागं फिरायचे. मोठा हात जिकडं, भाव तिकडं. ह्या एका गोष्टीवर मी संसार उभा केला.

आता विचार करा, असल्या माणसाच्या हातात मोबाइल आला आणि रोज संध्याकाळी कुणीतरी मोठ्यांच्या हातावरचं उपरणं बाजूला करून दाखवायला लागलं. किती घेतलं ते आकड्यासकट. एवढंच नाही, एखाद्या कंपनीच्या शेअरचा मोठा गठ्ठा एकानंच एका दिवसात उचलला, तर त्याचं नावसुद्धा यादीत येतं. माहूरला देवीच्या रांगेत ताटकळत उभं असावं आणि कुणीतरी हाताला धरून थेट देवीपुढं नेऊन उभं करावं, तसं मला पहिल्यांदा वाटलं होतं. त्या रात्री मी जेवलोच नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाळा मी विकला होता. गुडघे बोलायला लागले होते, पोरगा पुण्यात नोकरीला, आडत बघायला मागं कोणी नाही. गाळ्याचा आलेला पैसा आम्हा नवराबायकोच्या म्हातारपणाचा. त्यावरच आमचं शेवटपर्यंत भागलं पाहिजे, पोरापुढं हात पसरायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. पोरगा वाईट नाही, सून तर त्याहून चांगली. पण दर महिन्याला फोन करून 'जरा पाठव रे' म्हणायचं, ते माझ्या तोंडून निघणार नाही. त्यापेक्षा मी परत पोती उचलीन.

अशातच एका संध्याकाळी यादीत एक नाव आलं. बियाणं तयार करणारी कंपनी. तिच्या पिशव्या मी आमच्या गावात बांधाबांधावर बघितलेल्या. तिचा भला मोठा गठ्ठा एका विदेशी संस्थेनं उचलला होता. हॉटेलात एकच गलका झाला. मी तर उभाच राहिलो. पाय जमिनीला टेकत नव्हते. आयुष्यात असा ढीग एखाद्याच वेळी समोर येतो. तिथल्या तिथं ठरवलं, गाळ्याचा सगळा पैसा ह्यात.

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. तिला सांगणं भाग होतं, कारण गाळा तिच्या नावावर होता आणि त्याचा पैसाही तिच्याच खात्यात आला होता. घेतला तेव्हा घरच्या लक्ष्मीच्या नावानं घ्यावा म्हणून हौसेनं घेतला होता. पुढं लक्ष्मीची सही लागंल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात?

"समदे?" ती म्हणाली.

"समदे. बाहेरच्या देशातल्या संस्थेनं घेतलंय. ते काय येडे हायत?"

"त्येंनी ह्ये घेतलं तरी त्येंच्याजवळ आजून हाय. आपल्याजवळ आजून काय हाय?"

"तुला त्यातलं समजत न्हाई."

"न्हाई समजत. म्हून लातूरच्या भाऊंना इचारा. ते हाव म्हणले तर करते सही."

हे मात्र मला झोंबलं. लातूरचे भाऊ म्हणजे माझा इवाई, लेकीचा सासरा. सहकारी बँकेत कारकुनी करून रिटायर झालेला. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीला 'बघावं लागंल' म्हणायची खोड. लेकीच्या लग्नात जावयाला घोड्यावर बसवायचं का विचारलं, तर घोड्याकडं बघून म्हणाला, बघावं लागंल. ह्याच्या हावची, म्हणजे होकाराची, वाट मी बघू?

"इचारत न्हाई," मी बायकोला म्हणालो. "दावून येतो."

दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली. लोहा मागं पडलं तोवर बाजार उघडला होता आणि तो शेअर वर चालला होता. मी खिडकीत मोबाइल छातीशी धरून बसलेलो. दर थोड्या वेळानं बघावं तर अजून वर. अहमदपूरला शेजारी एक मास्तर येऊन बसले. त्यांना मी न विचारताच सगळं समजावून सांगितलं. चाकूरला उतरताना ते कंपनीचं नाव हातावर लिहून घेऊन गेले. मला तर पोरगी बघायला निघाल्यासारखं वाटत होतं.

इवाई दारातच उभा.

"कवा निघालाव?" तो म्हणाला. "वहिनींचा फोन आला होता. म्हणल्या, तुमचे इवाई तापून निघालेत, पाणी गार ठेवा."

"मग तुमी काय म्हणलाव?"

"म्हणलं, बघावं लागंल."

लेक आत हसली ते मला ऐकू आलं.

जेवणं झाली आणि आमची जुंपली. इवायाचं म्हणणं असं. संध्याकाळचा आकडा कच्चा असतो. त्याच्यावर तसं लिहिलेलंच असतं, पुढं तो दुरुस्त होऊ शकतो. आणि पक्का असला तरी अर्धाच. ह्या संस्था एका हातानं शेअर घेतात आणि कधी कधी दुसऱ्या हातानं वायदे बाजारात त्याच शेअरची विक्री लावून ठेवतात, भाव पडला तरी झळ लागू नये म्हणून. "तुमाला एकच हात दिसून राहिला," तो म्हणाला.

"एक दिसला तरी बास. तुमाला बँकेत बसून काय कळणार? उद्या चला माझ्यासंगं यार्डात. मोठा हात म्हणजे काय असतं ते दावतो."

"चला की. मला बी सोयाबीनचा भाव बघायचाय."

लातूरचं मार्केट यार्ड सोयाबीनच्या दिवसांत ज्यानं बघितलं नाही त्याला मी काय सांगू. दुकानादुकानापुढं पिवळे ढीग, ट्रॅक्टरच्या रांगा, हमालांच्या आरोळ्या, नाकात कोरड्या कोंड्याचा वास. सौदा ह्या दुकानावरून त्या दुकानावर सरकत चाललेला आणि त्याच्यामागं सगळा घोळका. माझे गुडघे दुखायचे थांबले. इवायाचं मनगट धरून मी त्याला गर्दीत ओढतच नेलं.

"त्यो बघा," मी दाखवलं. "पांढरा शर्ट, कानाला पेन. मोठ्या मिलचा खरेदीदार. आता ह्या ढिगावर काय होतंय ते बघा."

खरेदीदारानं मूठभर दाणे उचलले, तळव्यावर पसरले, दाताखाली एक फोडला. खांदा झुकला. पुकार सुरू झाली आणि त्याच्या मागचे छोटे व्यापारी भाव वाढवत गेले. ढीग चढ्या भावानं गेला. मी इवायाकडं बघितलं. खरं सांगतो, त्या वेळी मला कुणी फेटा बांधला असता तरी कमी वाटला असता.

"मानलं," इवाई म्हणाला. "तुमी सांगितलं तसंच झालं."

मग एका ओळखीच्या आडत्याच्या दुकानात आम्ही चहाला टेकलो. तोच मिलवाला तिथं गादीवर बसला होता. एवढ्यात एक मुनीम आला आणि त्यानं सोयाबीनची ताटली पुढं ठेवली. गोदामातल्या मालाचा नमुना. मुनीम ओळखीचा निघाला. तो लातूरच्या एका जुन्या साठेबाज व्यापाऱ्याकडचा. त्या व्यापाऱ्याची ख्याती आम्हाला नांदेडला माहीत होती. भाव वर जाईल असं वाटत असेपर्यंत गोदामाचं कुलूप काढत नाही. मिलवाल्यानं ताटलीतला नमुना हुंगला आणि लगेच सगळा माल घ्यायची तयारी दाखवली.

मी इवायाच्या कानाशी लागलो. "बघा मजा. ह्याचा मालक माल बाहेर काढून राहिला. म्हणजे भाव इथून खाली. लिहून ठेवा."

"आन मिलवाला तर घेऊन राहिला की."

"घेऊ द्या कितीबी. त्याला मिल चालवायची हाय. विकतंय कोण ते बघा."

इवायानं बशी खाली ठेवली. "विकतंय कोण ते बघायचं?"

"मग? बघावंच लागतंय."

"तुमच्या त्या बियाण्याच्या कंपनीचा गठ्ठा विकला कोणी?"

माझा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला.

कारण विकणारा कोण ते मी बघितलंच नव्हतं. मोंढ्यात उभी हयात घालवली, पण माझ्यापुढं विकायला उभा राहिला तो शंभरातून एखादा सोडला तर शेतकरीच. त्याला आणलेला माल परत न्यायचा नसतो, गाडीभाडं अंगावर पडतं. तो भाव पडणार म्हणून विकत नाही, पिकलं म्हणून विकतो. त्याच्या तोंडाकडं बघून बाजाराचं काहीच कळत नाही, म्हणून मी कायम घेणाऱ्याकडं बघत आलो. तीच नजर घेऊन शेअर बाजारात गेलो. यादीतल्या 'घेतलं'च्या ओळी तेवढ्या वाचायच्या. 'विकलं'ची ओळ म्हणजे असंल कुणीतरी शेतकरी. पण तिथं कुठला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आलाय? तिथं गठ्ठा घेणारा मोठा, तर विकणाराही तेवढाच मोठा असणार. नाहीतर एवढा गठ्ठा त्याच्याकडं आला कुठून?

मी मोबाइल काढून इवायापुढं धरला. त्यानं चष्मा पुसून त्या दिवसाची यादी वाचली. विदेशी संस्थेच्या ओळीखाली लगेच दुसरी ओळ होती. जेवढा गठ्ठा घेतला गेला, जवळजवळ तेवढाच एका गुंतवणूक फंडानं विकला होता. इवायानं अजून थोडं इकडंतिकडं वाचलं. कंपनी लहान होती तेव्हापासून तो फंड आत होता.

"म्हणजे कुलूप काढलंय," मी म्हणालो.

"तसं दिसतंय."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण मला उलट हुरूपच आला. इतके दिवस मी अर्ध्याच ओळी वाचत होतो आणि तरी मला एवढी मजा येत होती. आता तर सगळ्याच ओळी उघडल्या. तरी मी हार मानणारा नव्हे. इवायाला म्हणालो, "विकलं म्हणजे कंपनी बुडाली असं न्हाई. त्या फंडाला आपल्या लोकांचा पैसा परत द्यायचा असंल. लई वर्षं झाली असतील."

"असंल. बरोबर हाय तुमचं," इवाई म्हणाला. "मग घेणाऱ्यानं कामून घेतलं?"

"त्याला वाटलं असंल वर जाईल."

"का कुणी सांगितलं, घ्यावंच लागंल? एखादी कंपनी निर्देशांकात आली तर काही फंडांना ती घ्यावीच लागते, आवडो न आवडो."

"जसा मिलवाला. यंत्र बंद पडू नये म्हणून भाव न बघता घेतो."

"तेच म्हणतोय."

"आन मुहूर्ताचा ढीग," मी म्हणालो. मला एकदम आठवलं होतं. "हंगामाचा पहिला ढीग. नारळ फोडायचा, शेतकऱ्याला शेला घालायचा आन मिलवाल्यानं मानापायी भाव चढवायचा. दुसऱ्या दिवशी तोच मिलवाला तो भाव देत न्हाई. बाहेरगावचा माणूस ती बातमी ऐकून ट्रॅक्टर भरून येतो आन डोक्याला हात लावतो. घेणारा तोच, माल तोच, पण कामून घेतलं ते भावात लिहिलेलं नसतं."

आम्ही दोघं इतक्या जोरानं बोलत होतो की आडत्यानं गादीवरून विचारलं, "पाव्हणे, भांडून राहिलाव काय?"

"न्हाई," इवाई म्हणाला. "आज पहिल्यांदाच जुळून राहिलंय."

तेव्हा मला जे समजलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. मोबाइलवरचा आकडा खोटा नसतो. कच्चा असला तरी त्याला लबाड म्हणता येणार नाही. काय झालं ते तो सांगतो, कामून झालं ते सांगत नाही. आणि अजून एक. मिलवाल्याचा खांदा मी सौदा चालू असताना बघायचो, ढीग माझ्यापुढं असायचा. मोबाइलवरचा खांदा सौदा उरकून लोक घरी गेल्यावर दिसतो. तो बघून धावत सुटलेल्या माणसाला ढीग सापडत नाही, नुसता झाडलेला केर सापडतो. हे इवायानं मला सांगितलं नाही, मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. माझी बायको. त्यानं मुद्दाम मोठ्या आवाजावर टाकला.

"भाऊ, झालं का बघून? हाव का न्हाई?"

दुकानात चार माणसं बसलेली. इवायानं नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी विषय संपत होता, आणि मी आयुष्यभर त्याच्या अंगणात पाय ठेवला नसता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, आज मीच शिकून राहिलो. तुमच्या मालकालाच देतो." आणि फोन माझ्या हातात दिला. ह्याबद्दल त्याला त्याच्या तोंडावर मी कधी काही बोलणार नाही. इथं लिहिलं तेवढं पुरे.

"समदे टाकायचे न्हाईत," मी म्हणालो.

"भाऊंनी सांगितलं काय?"

"मी सांगून राहिलो."

"मग बरं झालं. किती टाकायचे?"

"निम्मे."

"निम्मे कामून? निम्म्या म्हातारपणाला पोराकडं जायचं काय?"

आडत्या खाली मान घालून हसत होता. मिलवाल्यानंही कान टवकारले होते.

"बरं," मी म्हणालो. "चहापाण्याइतके. बाकीचे तुझ्या नावानं बँकेत, महिन्याला व्याज येईल असे."

"चहापाणी म्हणजे तुमचं एकट्याचं. समद्या हॉटेलाचं न्हाई."

नांदेडला आल्यावर बँकेत तिनं सही केली. मी बाजूला उभा राहिलो आणि तिनं नाव लिहिताना एक अक्षर चुकवलं ते दाखवून दिलं. साहेब म्हणाले, चालतंय. चहापाण्याच्या पैशातून मी त्या बियाण्याच्या कंपनीचे थोडे शेअर घेतलेच. सोडीन कसा. तो शेअर नंतर वर गेला का खाली, हे मला हॉटेलातले विचारतात. मी सांगत नाही. वर गेला असला तरी मी सगळे पैसे टाकायला निघालो होतो ते शहाणपण ठरत नाही, आणि खाली गेला असला तरी यादी वाचणं सोडायचं कारण नाही. एका ढिगावरून हंगाम ठरवणारा माणूस मोंढ्यात टिकत नाही.

आता यादी आली की मी आधी 'विकलं'च्या ओळींवर बोट ठेवतो. आमच्यातला बिडीवाला चिडतो. म्हणतो, "तू विकणाऱ्याचा वकील झालास काय? घेणारा सांग लवकर." मी सांगत नाही. आधी त्यानं सांगायचं, विकणाऱ्याला काय घाई होती. असले वाद चालतात की चहावाला आमची भांडी उचलून नेतो तरी आम्हाला कळत नाही. इतकं जिवंत मला गाळा चालू असतानासुद्धा वाटलं नव्हतं.

गेल्या रविवारी पुण्याहून पोराचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो जरा अडखळला.

"बाबा, गाळा तर गेला. मी महिन्याला थोडे पाठवत जाऊ का? म्हणजे तुम्हाला लागत असतील तर."

बायको तांदूळ निवडत होती. तिनं ताट मांडीवरून खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. व्याज त्याच आठवड्यात तिच्या खात्यात जमा झालं होतं.

"आमचं भागून राहिलंय," मी म्हणालो. "तुला लागत असतील तर सांग. तुझ्या आईच्या खात्यातून पाठवतो."

पलीकडून तो हसला. मी काही गमतीनं बोललो नव्हतो.